वाचकांच्या पत्रांतली जात कशी वाचायची

शिव्या शोधत बसू नका. वाचकांच्या पत्रांच्या पानावर त्या सापडत नाहीत, आणि सापडल्या नाहीत म्हणून पान स्वच्छ आहे असंही नाही. नाशिकच्या एका दैनिकात मी अनेक वर्षं हे पान लावलं. सकाळी टपालाचा गठ्ठा टेबलावर यायचा: पोस्टकार्डं, आंतर्देशीय, वहीचं पान फाडून दोन्ही बाजूंनी लिहिलेली पत्रं. पुढे पुढे श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेले ईमेल यायला लागले, आमच्याकडे उघडले की नुसते चौकोन दिसायचे. शिव्या असायच्या, भरपूर असायच्या. त्या टोपलीत जायच्या. पानावर जे उतरायचं ते सभ्य असायचं. जात या सभ्य पत्रांत जास्त नीट बसलेली असायची, कारण तिला तिथे आवाज चढवायची गरजच पडत नव्हती.

हल्ली पत्रकारितेची किंवा समाजशास्त्राची मुलं-मुली प्रकल्पासाठी घरी येतात. हातात झेरॉक्सचा गठ्ठा, चेहऱ्यावर निराशा. "मावशी, यात जातीबद्दल काहीच नाही हो." मग चहा ठेवते आणि त्यांना त्यांचेच कागद परत वाचायला लावते. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. नमुन्यादाखल दिलेली पत्रांतली वाक्यं मी रचलेली आहेत, कुणा खऱ्या पत्रलेखकाची नाहीत. तशी इतकी वाचली आहेत की रचायला कष्ट पडत नाहीत.

आधी पान कसं तयार होतं ते बघा

छापलेलं पत्र हे एकट्या वाचकाचं नसतं. मथळा आमचा असतो. कुणी 'शहरातील वाहतूक कोंडीबाबत' असं साधं लिहून पाठवतं आणि टेबलावर त्याचं 'उत्सवी उन्मादाला आवर घाला' होतं. मधल्या ओळी आम्ही उडवतो. शेवटची ओळ तर सर्रास उडते, कारण जागा संपलेली असते आणि लिहिणाऱ्यानं मनातलं सगळं नेमकं तिथेच ओतलेलं असतं. म्हणून मथळा आणि मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत उतरवून घ्या. मथळ्यावरून पत्रलेखकाबद्दल निष्कर्ष काढू नका, दैनिकाबद्दल खुशाल काढा.

पानाच्या तळाशी एक ओळ असते: पत्रलेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. ती वाचून पुष्कळांना वाटतं की संपादकाची जबाबदारी संपली. तसं नसतं. अंकात काय घ्यायचं याची निवड करणारा म्हणून संपादकाचं नाव प्रत्येक अंकावर छापावं लागतं, आणि पत्र हाही निवडलेलाच मजकूर असतो.

लिहितं कोण, हेही बघा. ठरावीक मंडळी असतात. निवृत्त शिक्षक, बँकेतले, वीज मंडळातले, वेळ असलेले, अक्षर चांगलं असलेले. एकच पत्र चार दैनिकांना पाठवणारे असतात. कार्बन कॉपी कुणाला आली यावरून आमच्या ऑफिसात रुसवेफुगवे व्हायचे. कधी पान भरलं नाही तर एखादं पत्र टेबलावरच तयार व्हायचं, खाली 'एक त्रस्त नागरिक'. तेव्हा 'नाशिककरांना दलितांबद्दल काय वाटतं' असं शीर्षक तुमच्या प्रकल्पाला देऊ नका. लिहिणाऱ्यांतल्या काहींनी काय लिहिलं आणि त्यातलं एका दैनिकाला काय छापण्याजोगं वाटलं, एवढंच तुमच्या हाती असतं. तेही कमी नाही. शहरात चारचौघांत काय बोललं तर चालतं, याचा इतका पक्का लेखी पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

कोणते अंक काढायचे

वर्षभराचे अंक सरसकट वाचायला घेतलेत तर खड्डे, पाणी आणि मोकाट कुत्री यांतच जीव जाईल. घटना धरा. घटनेच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस काढा. शिवाय जेव्हा काहीच घडलं नव्हतं असा एक साधा महिना घ्या, म्हणजे रोजचा सूर कळेल.

नाशिकला घटनांची वाण नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड पुढे होते. त्या वर्षीच्या रामनवमीच्या रथाला सत्याग्रहींनी हात लावायचा की नाही यावरून दगड पडले. पुढे काही वर्षं हे चाललं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. नंतरच्या तारखा अख्ख्या महाराष्ट्राच्या आहेत, पण पत्रं इथूनही गेली: २७ जुलै १९७८ चा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव, ऑगस्ट १९९० मधली मंडल आयोगाची, म्हणजे ओबीसींच्या आरक्षणाची घोषणा, १४ जानेवारी १९९४ चा त्याच विद्यापीठाचा नामविस्तार. मग फेब्रुवारी २००८, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतले उत्तर भारतीय कामगार नाशिकरोड स्टेशनवर गर्दी करून निघून गेले तो महिना. ऑक्टोबर २०१६, तळेगाव-अंजनेरीला एका लहान मुलीवर अत्याचार झाल्याच्या तक्रारीनंतर आसपासच्या गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि मोबाइलचं इंटरनेट बंद झालं तो. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च. प्रकल्पाला यातल्या दोन पुरतात. पाच घेणारी मुलं एकही धड करत नाहीत.

जुन्या फायली सगळीकडे पूर्ण नसतात. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे, तिथून विचारायला सुरुवात करा. जाण्याआधी कोणत्या वर्षाचं काय आहे ते विचारून घ्या, हेलपाटा वाचेल. फोटो काढायला परवानगी मिळाली तर अख्ख्या पानाचा काढा, नुसत्या पत्राचा नको. त्या पत्राच्या शेजारी काय छापलं होतं ते घरी आल्यावर हवं असतं आणि तेव्हा नेमकं ते नसतं.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक मुलं करत नाहीत. एकाच बाजूच्या दैनिकांवर थांबू नका. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं तेव्हा 'केसरी'नं पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. जिथे जाहिरातीला जागा नव्हती तिथे पत्राला कितीशी असणार? १९२७ चं 'बहिष्कृत भारत', १९३० चं 'जनता' यांचे अंक आता पुनर्मुद्रित स्वरूपात मिळतात. गावोगावच्या हकिकती त्यांत आहेत. मालेगावचा माणूस उर्दू पेपरात लिहितो. मराठी पानावर तो बहुतेक वेळा विषय म्हणून येतो, लेखक म्हणून क्वचित. त्याची बाजू ऐकायची तर उर्दू वाचणारा मित्र गाठा.

नाव झाका

पत्र वाचण्याआधी खालचं नाव आणि पत्ता कागदाच्या पट्टीनं झाकून टाका. गंमत वाटेल, पण हे न करता वाचलेत तर तुम्ही पत्र वाचतच नाही, आडनाव वाचता. आणि आडनावावरून जात ओळखण्याची आपल्याला इतकी सवय आहे की ती चुकते हेही लक्षात येत नाही. पवार, जाधव, मोरे, गायकवाड: नाशिक जिल्ह्यात ही आडनावं मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आदिवासींत आहेत. एका मुलीनं आपल्या तक्त्यात 'पत्रलेखकाची जात' असा रकाना केला होता आणि तो आडनावांवरून भरला होता. तो रकाना मी तिला पुसायला लावला. त्याऐवजी 'पत्रात लिहिणाऱ्यानं स्वतःबद्दल काय सांगितलं' असा रकाना ठेवा. 'एक सामान्य करदाता', 'जातपात न मानणारा', 'चाळीस वर्षं शिक्षकी पेशात असलेला', हे त्यानं स्वतःहून सांगितलेलं असतं आणि ते कुठल्या वाक्याच्या आधी सांगितलं आहे ते फार बोलकं असतं.

पत्ता मात्र नंतर पट्टी काढून जरूर बघा. मोर्चाच्या वाटेवर राहणारा माणूस गर्दीबद्दल लिहितो तेव्हा तो खरंच अडकलेला असू शकतो. गंगापूर रोडवरून कुणी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मिरवणुकीबद्दल लिहितो तेव्हा प्रश्न वेगळा होतो.

आपण कोण आणि ते कोण

खरं काम इथे आहे, आणि याला वेळ द्या. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. पत्रात जिथे जिथे 'आपण', 'आपला', 'नागरिक', 'समाज', 'सर्वसामान्य' आलं आहे ते एका रंगानं, आणि 'ते', 'हे लोक', 'या मंडळींना', 'विशिष्ट समाज', 'काही घटक' दुसऱ्या रंगानं अधोरेखित करा. मग बघा, 'आपण'मध्ये कोण बसतं.

'आपण सर्वांनी मिळून आपल्या दलित बांधवांना मुख्य प्रवाहात आणले पाहिजे.' या वाक्यावर कुणी आक्षेप घेणार नाही. माझ्या टेबलावरून अशी वाक्यं रोज पास व्हायची. पण पेन्सिल फिरवा. 'आपण सर्व' म्हणताना दलित त्यात नाहीत. ते आणायचे आहेत, कुठून तरी. प्रवाह आधीच आपला आहे. 'बांधव' हा शब्द किती गोड आहे! पण मराठा बांधव, ब्राह्मण बांधव असं त्यांच्या त्यांच्या संमेलनांच्या पत्रिकांत येतं. सगळ्या गावाला उद्देशून उपदेश करताना बांधव म्हटलं जातं ते ठरावीक लोकांनाच.

तसाच 'नागरिक'. 'मिरवणुकीमुळे नागरिकांची गैरसोय झाली.' मिरवणुकीत चालणारे हजारो कोण होते? त्यांच्याकडेही रेशनकार्ड आहे, पाणीपट्टी तेही भरतात.

मग क्रियापदाकडे वळा. आपल्या भाषेत कर्ता गिळून टाकायची फार सोय आहे. 'वस्तीवर दगडफेक झाली', 'घरे जळाली', 'बहिष्कार पडला'. घरं आपोआप पेटत नाहीत, बहिष्कार पावसासारखा पडत नाही. उलट बाजूनं लिहिताना कर्ता लगेच परत येतो: 'जमावाने बसच्या काचा फोडल्या', 'आंदोलकांनी रस्ता रोखला'. एकाच पत्रात एका बाजूचं 'झालं' आणि दुसऱ्या बाजूचं 'केलं' असेल तर ते उतरवून ठेवा. शंभर पत्रांत हे किती वेळा, कुठल्या दिशेनं होतं ते मोजता येतं, आणि मोजलेलं नाकारता येत नाही.

ऑक्टोबर २०१६ ची पत्रं वाचाल तेव्हा 'दोन समाजांतील तेढ', 'दोन गटांतील वाद' असे शब्द कुठे येतात ते मुद्दाम शोधा. शांततेचं आवाहन करणाऱ्या पत्रांतसुद्धा ते शोधा. एक मोठा आणि एक लहान, एकाच्या हातात काठी आणि एकाच्या दाराला कडी, अशी स्थिती असताना 'दोन समाजांत तेढ' म्हटलं की तराजूची दोन्ही पारडी आपोआप सारखी होतात. लिहिणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. हेतू आपण तपासत नाही आहोत.

नावांवरूनही काळ आणि मन कळतं. अस्पृश्य, हरिजन, मागासवर्गीय, दलित, नवबौद्ध, बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं. त्यानंतर किती वर्षं पत्रांत 'हरिजन' चालू राहतं ते बघा. ज्यांनी ते नाव टाकून दिलं होतं त्यांना ते कोण चिकटवत राहतं? आणि ज्या पत्रांत नावच नाही, नुसतं 'विशिष्ट समाज' आहे, त्यांचा वेगळा गठ्ठा करा. नाव न घेता सगळ्यांना कळेल असं लिहायचं ही कला आहे, आणि ती ज्याला येते त्याला आपण काय करतो आहोत हे पक्कं ठाऊक असतं.

जागा बदलून बघा

पत्रातला आक्षेप जसाच्या तसा ठेवा आणि ज्याच्यावर घेतला आहे तेवढं बदला. मग त्याच दैनिकात तसं पत्र सापडतं का ते शोधा.

आवाजाचं घ्या. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, रात्री १० नंतर भोंगे बंद. नियम सगळ्यांना एकच. आता १४ एप्रिल, ६ डिसेंबर, गणेश विसर्जन, रामनवमीचा रथ, मोहरम, लग्नाच्या वराती, सगळ्यांच्या आसपासचे पंधरा दिवस काढा आणि आवाजाबद्दलची पत्रं मोजा. फक्त मोजू नका, सूर बघा. गणपतीच्या पत्रात बहुधा 'टिळकांना अभिप्रेत असलेला उत्सव राहिला नाही' अशी हळहळ असते. उत्सव आपला, तो बिघडला याचं दुःख. जयंतीच्या पत्रात 'बाबासाहेबांना हे आवडले असते का?' असा प्रश्न येतो. वरवर दोन्ही सारखेच. पण पहिल्यात लिहिणारा घरातल्या मुलाला रागावतो, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या मुलाला त्याच्या बापाचं नाव घेऊन सुनावतो. हा फरक तक्त्यात 'तक्रार: आवाज' एवढंच लिहून हरवून टाकू नका.

मी टेबलावर असताना दोन्ही प्रकारची पत्रं यायची आणि दोन्ही छापायचो. डीजेचा त्रास खरा असतो, म्हाताऱ्या माणसांना खरंच होतो. म्हणून एकटं पत्र घेऊन कुणाला जातीयवादी ठरवू नका. हाच माणूस विसर्जनाच्या दिवशीही लिहितो का, हे नियमित पत्रलेखकांच्या बाबतीत तपासता येतं. माझ्या आठवणीत असे एक काका होते, ते कुणालाच सोडत नसत. लग्नाच्या वरातीवर तर त्यांचा विशेष राग. त्यांच्या पत्रांना मी मनात नेहमी पहिला नंबर दिला.

गोदावरीच्या घाणीचंही असंच. रामकुंडावरचं निर्माल्य, सिंहस्थाची गर्दी, उत्तर भारतीयांच्या छठपूजेची गर्दी. नदीला तिन्ही सारखीच. पत्रांत मात्र एकीकडे 'नियोजनाचा अभाव' येतो आणि दुसरीकडे 'या लोकांची सवय'. एकात दोष महापालिकेचा, दुसऱ्यात रक्ताचा. दोष कुठे ठेवला जातो, यंत्रणेत की माणसाच्या स्वभावात, हा रकाना सगळ्यात जास्त बोलतो. एकच रकाना ठेवायची परवानगी असती तर मी हा ठेवला असता.

आरक्षणावरच्या पत्रांसाठी 'गुणवत्ता' हा शब्द धरा. ऑगस्ट १९९० मध्ये त्याचा पूर आला होता. 'कोट्यातला डॉक्टर', 'सरकारचे जावई', 'आमच्या करातून' हे सगळं त्याच्या मागून. २००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसींना जागा द्यायचं ठरलं तेव्हाचे अंक काढा. मग जानेवारी २०१९ चे काढा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के देणारी १०३ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हाचे, आणि ७ नोव्हेंबर २०२२ चे, सर्वोच्च न्यायालयानं ती तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवली तेव्हाचे. या चारही वेळी त्याच दैनिकात 'गुणवत्ता' हा शब्द किती वेळा आला ते मोजा. उत्तर मी सांगणार नाही, तुमच्या दैनिकाचं उत्तर तुमच्या दैनिकातच आहे. गुणवत्तेची काळजी खरीच असेल तर ती चारही वेळा सारखी वाटायला हवी.

दरवर्षी २ मार्चच्या आसपास आणखी एक पत्र येतं: काळाराम मंदिर आता सर्वांना खुले आहे, मग जुनी मढी कशाला उकरता? याच्यावर जागा बदलायचा प्रयोग फार छान चालतो. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी विजयानंद थिएटरात इंग्रज कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. इंग्रज तर केव्हाच गेले. पण २१ डिसेंबरला 'जुने कशाला उकरता' असं पत्र मला कधी आलं नाही. आलं असतं तर मी ते छापलं असतं का, हाही प्रश्नच आहे.

कौतुकाची पत्रं बाजूला टाकू नका

मुलं कौतुकाची पत्रं 'सकारात्मक' या खोक्यात टाकून मोकळी होतात. तिथे फार माल असतो.

६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबक इथले हजारो आदिवासी शेतकरी लाल टोप्या घालून कसारा घाटातून मुंबईला चालत गेले. दहावीच्या परीक्षेला मुलांना त्रास होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीत चालून काढला आणि १२ तारखेला पहाटे आझाद मैदानावर पोचले. अशा वेळी कौतुकाची पत्रं येतात: 'पायांना फोड आलेले, तरीही किती शिस्त! आपल्या शहरी आंदोलकांनी शिकावे.' छान वाटतं वाचायला. आता पत्रात 'वनहक्क' हा शब्द शोधा. हे लोक चालत गेले ते २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेली जमीन नावावर व्हावी म्हणून. पत्रात फोड आले, टोपी आली, भाकरी आली, भोळेपणा आला; मागणी आली का? ज्या पत्रांत पाय आहेत आणि जमीन नाही त्यांचा वेगळा गठ्ठा करा. हेच लोक उद्या जमिनीसाठी तहसील कचेरीसमोर बसून राहिले तर 'भोळा आदिवासी' 'भडकवलेला आदिवासी' व्हायला किती दिवस लागतात, तेही पुढच्या अंकांत बघा.

दुसरी जोडी मला जास्त अस्वस्थ करते. फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनानं उत्तर भारतीय कामगार नाशिक सोडून गेले. त्या दिवसांची पत्रं आणि मे २०२० ची, लॉकडाऊनमध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून उन्हात पोरंबाळं घेऊन चालत जाणाऱ्यांबद्दलची पत्रं, शेजारी शेजारी ठेवा. माणसं त्याच जिल्ह्यांतली, त्याच कामाची. पहिल्यात ते नोकऱ्या बळकावणारे, झोपड्या वाढवणारे. दुसऱ्यात दीनवाणे, उपाशी. पहिल्या गठ्ठ्यात आंदोलन ओसरल्यावरची पत्रं वेगळी काढा, 'सेंट्रिंगला माणूस मिळत नाही', 'कारखान्याची पाळी बंद' अशी. तिथे त्याची आठवण कामासाठी येते. राग, गरज आणि दया, तिन्हींत तो कुठे बोलतो का ते तपासा. त्याला कुणी काही विचारल्याचं एखादं तरी पत्र सापडलं तर ते प्रकल्पात सगळ्यात वर ठेवा.

ज्याला लागलं त्याचंही पत्र तपासा

हे नाजूक आहे, म्हणून लांबचं उदाहरण देते. मे १८९३ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत दरबानला उतरले. कोर्टात पगडी काढायला सांगितली, त्यांनी काढली नाही आणि ते बाहेर पडले. तिथल्या 'नाताळ ॲडव्हर्टायझर'नं त्यांच्यावर 'नकोसा पाहुणा' अशा मथळ्याचा मजकूर छापला. गांधीजींनी संपादकाला पत्र लिहून खुलासा केला. पुढे तिथल्या नाताळ वसाहतीत हिंदी, म्हणजे भारतीय लोकांचा मताधिकार काढून घेण्याचा प्रयत्न झाला तेव्हाही वर्तमानपत्रांतली पत्रं हे त्यांचं मोठं हत्यार होतं. गोरे सगळ्या हिंदी लोकांना सरसकट कुली म्हणत, त्याविरुद्ध ते फार नेटकं लिहीत.

पण त्याच वर्षांतलं त्यांचं लिखाण पेन्सिल घेऊन वाचा. आम्हाला इथल्या काळ्या रहिवाशांच्या पंगतीला बसवता, अशी तक्रार त्यात आहे. म्हणजे शिडी अन्यायाची आहे असं त्या तरुण बॅरिस्टरचं तेव्हा म्हणणं नव्हतं, आपल्याला चुकीच्या पायरीवर उभं केलं आहे असं होतं. पुढे ते बदलले, ती वेगळी गोष्ट. जिथे रंगावर समाज कापलेला होता तिथे रंगाविरुद्ध लिहिणाऱ्याच्या लेखणीतही रंग उतरला होता, एवढं इथे पुरे.

आपल्याकडेही असं होतं. एखाद्या समाजाचा माणूस अपमानाविरुद्ध कळकळीनं लिहितो आणि चौथ्या ओळीत म्हणतो, 'आम्ही काही त्यांच्यासारखे नाही.' त्याचं दुःख खोटं नसतं. तक्त्यात दोन्ही नोंदवा: त्याला कुणी खाली ढकललं ते, आणि त्यानं कुणाला आणखी खाली ठेवलं तेही. अपमान झाला म्हणून दुसऱ्या रकान्यात सूट देऊ नका, आणि दुसरा रकाना भरला म्हणून पहिला पुसू नका.

मोजणी आणि लेखन

मोजणीवर फार वेळ घालवत नाही. तारीख, पान, मथळा, ओळी, पानावरचं स्थान, 'आपण-ते', 'झालं-केलं', दोष कुठे ठेवला, कोण गैरहजर. एवढे रकाने पुरे. गठ्ठ्यातली काही पत्रं दोघांनी एकमेकांना न विचारता वाचावीत आणि मग ताडून बघावं. त्या दोघांतला एक जण दुसऱ्या जातीचा असेल तर उत्तम. जिथे तुमचं जमत नाही तिथेच थांबून बोला, प्रकल्पातला निम्मा विचार त्या भांडणात होतो. एक गट माझ्या ओट्यावर 'बांधव' या शब्दावरून इतका भांडला की चहा निवला.

लिहिताना 'हे वाक्य काय करतं' असं लिहा, 'हा माणूस कसा आहे' असं नको. पत्रलेखकाचं नाव तुमच्या प्रकल्पात येता कामा नये, जुन्या पत्रांतही नाही. त्याची नातवंडं याच गावात राहतात. 'जातीयवादी' हा शब्द शक्यतो वापरूच नका. तो वापरला की वाचणारा लगेच स्वतःला त्यातून वगळतो आणि निर्धास्त होतो. वाक्य पुढे ठेवा, बाजूला त्याच दैनिकातलं उलटं वाक्य ठेवा, तारखा घाला.

आणि चालू काळातलं एखादं पत्र तुम्हाला हद्द ओलांडणारं वाटलं तर तक्रारीची वाट आहे. आधी संपादकाला लेखी कळवा आणि पोच ठेवा. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येतं. दैनिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत. कात्रण मूळ जोडा, भाषांतर जोडा, कोणत्या ओळीवर आक्षेप आहे ते अधोरेखित करा. १९७८ च्या कायद्यानं कौन्सिलला समज देता येते, निषेध नोंदवता येतो, दंड करता येत नाही. त्यामुळे संपादकाला पाठवायचं पहिलं पत्रच नीट लिहा. ते अडीचशे शब्दांच्या आत बसवा, शेवटची ओळ उडाली तरी मुद्दा उरेल असा पहिल्याच परिच्छेदात घाला, आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहा.